जीपगाडीचा गळा

आमच्या घरात मोटार कधी नव्हती. वडील ग्वाल्हेर दरबारात पखवाजास होते. १९४८ साली संस्थान मध्यभारतात विलीन झाले तेव्हा त्यांचे वय अवघे एकोणीस, आणि पुढची सारी हयात त्यांनी सायकलवर काढली. मी त्यांचे उतारवयातले अपत्य. गाणे शिकवितो आणि अजून स्कूटरच्या पलीकडे गेलेलो नाही. अशा माणसाने जुन्या जीपगाडीच्या कार्बोरेटरवर लिहावे याचे लष्करातल्या जाणत्या मंडळींना हसू येईल. यावे. पण गेल्या तीन वर्षांत निदान सात वाड्यांच्या मागल्या अंगणात, रविवारी सकाळी, रबराची नळी कानाला लावून बसलेले मला पुष्कळांनी पाहिले आहे, आणि ‘मास्तरांना काय झाले?’ अशी चौकशीही घरापर्यंत पोहोचली आहे. तेव्हा एकदा खुलासा केलेला बरा.

याला कारण एक मिस्त्री. वय सत्तरीच्या पुढे. दुकान म्हणजे शिंद्यांच्या छावणीकडच्या एका गल्लीतले पत्र्याचे छप्पर. त्यांचे वडील दरबारच्या मोटारखान्यात होते. म्हणजे त्यांचे आणि आमचे अन्न एकाच कोठीतून आलेले. जुन्या जीपगाड्यांचे असे हात आता शहरात दुसरे मला ठाऊक नाहीत. पण पन्नास वर्षे हातोडा आणि सायलेन्सर यांच्या संगतीत काढल्यावर त्यांचे कान गेले. कानातले यंत्र घेऊन पाहिले, परंतु इंजिन सुरू झाले की ते यंत्र नुसता कालवा करते. गाडीचा धडाका त्यांना हाताच्या तळव्याने कळतो. बारीक शीळ, हलका सुस्कारा, चारांतला एक ठोका हुकणे, हे आता त्यांना ऐकू येत नाही, आणि कार्बोरेटरचे सारे दुखणे तर याच बारीक आवाजांत सांगितलेले असते. त्यांची नात माझ्याकडे गाणे शिकते. एकदा तिला सोडायला आले असता दारातच उभे राहून म्हणाले, ‘‘मास्टरजी, आपके कान उधार चाहिए.’’ नाही म्हणणे शक्यच नव्हते.

आपल्या मंडळींकडे या गाड्या दोन वाटांनी आल्या. पहिली वाट डिस्पोजलची. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ ते १९४५ या काळात, अमेरिकेत विलिज आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपा बांधल्या. युद्ध संपल्यावर आपल्याकडच्या लष्करी साठ्यातल्या कितीतरी लिलावात निघाल्या आणि सरदार, जहागीरदार, कंत्राटदार यांनी त्या उचलल्या. इंजिन चार सिलिंडरचे, २.२ लिटरचे, साठ अश्वशक्तीचे. दुसरी वाट महिंद्रांची. त्यांनी मुंबईत विलिजच्या गाड्या जोडावयास घेतल्या आणि पुढे सीजे-३बी हे उंच बॉनेटचे रूप वर्षानुवर्षे चालविले. बॉनेट उंच का, तर आतले इंजिन उंच झाले म्हणून: हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्ह सिलिंडरच्या डोक्यावर गेल्या, धूर सोडणाऱ्या खालीच राहिल्या. शिकारीचे दिवस संपले, जहागिऱ्या गेल्या, तरी चारही चाके ओढणारी ही गाडी शेतावर, खाणीवर, चंबळेच्या बीहडाच्या कडेने चालत राहिली. आता मात्र ती मागल्या अंगणात उभी असते आणि तिच्यावर पापड वाळत असतात.

ती उभी का राहिली, असे विचारले की दहांतली आठ घरे एकच उत्तर देतात: ‘‘कार्बोरेटर गेला.’’

हा लेख लिहिण्याचे खरे कारण ते उत्तर आहे. कारण पुढची पायरी ठरलेली असते. एक-दोनदा बाजारातला नवा, नकली कार्बोरेटर बसवितात. दुखणे तसेच राहते. मग कोणी तरी गिऱ्हाईक येते, जुने पेट्रोल इंजिन भंगारात काढून डिझेलचे इंजिन बसवू म्हणते, आणि आजोबांची गाडी दुसऱ्याच पोटाची होऊन जाते. मिस्त्रींच्या मते, आणि मी आता त्यांच्याशी सहमत आहे, ज्या कार्बोरेटरवर हा आळ येतो त्यांतले निम्म्याहून अधिक निर्दोष असतात.

गेल्या वर्षीचेच उदाहरण घ्या. वडिलांना मानणारे एक जुने सरदार घराणे आहे. त्यातल्या काकांचे वय आज चौऱ्याऐंशी. त्यांची १९६६ सालची सीजे-३बी, सोलेक्स कार्बोरेटरची. लक्षणे अशी: सकाळी सुरू व्हायची, पाच-सहा किलोमीटर गेली की घुसमटून बंद पडायची, दहा मिनिटे थांबले की पुन्हा जणू काही झालेच नाही. उभी असताना स्लो धरायची नाही. पेट्रोलचा वास इतका की काकूंनी तिच्यात बसायचे सोडले होते. एका गॅरेजने दोन वर्षांत दोन कार्बोरेटर बदलले होते. पुण्याहून पुतण्या आला, त्याने गिऱ्हाईक पाहिले, भाव ठरविला. काका म्हणाले, ‘‘दसऱ्यापर्यंत थांब. दसऱ्याला ती शमीपूजनाला आपल्या चाकांवर गेली तर विषय संपला. नाही गेली तर तू म्हणशील तसे.’’ आणि मला म्हणाले, ‘‘तुझ्या त्या मिस्त्रीला घेऊन ये.’’ हाताशी तीन रविवार होते.

इथे थोडे थांबून कार्बोरेटर म्हणजे काय ते सांगतो. जाणत्यांनी हा परिच्छेद ओलांडून पुढे जावे. इंजिनाचा दट्ट्या खाली जाताना हवा ओढतो. ती हवा ज्या नळीतून येते ती मध्ये आवळलेली असते. आवळलेल्या जागी हवेचा वेग वाढतो आणि दाब घटतो; हे इटलीच्या जोव्हान्नी व्हेंतुरी याने १७९७ साली लिहून ठेवले, म्हणून त्या जागेला व्हेंचुरी म्हणतात. मिस्त्री सरळ ‘गला’ म्हणतात, आणि मला तोच शब्द बरोबर वाटतो. शेजारी एक लहान कुंड असते, त्यात पेट्रोल एका ठरावीक पातळीला राहते. गळ्यातला दाब घटला की कुंडातले पेट्रोल जेट नावाच्या बारीक पितळी भोकातून वर खेचले जाते आणि हवेत फवाऱ्यासारखे मिसळते. यात सारी कारागिरी प्रमाणाची. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने पावणेपंधरा भागांच्या आसपास हवा लागते. म्हणजे एक लिटर पेट्रोल नीट जळायचे तर सुमारे नऊ हजार लिटर हवा त्या अंगठ्याएवढ्या गळ्यातून गेली पाहिजे. पेट्रोल जास्त झाले की काळा धूर, काळे प्लग, वास आणि जड, लंगडता आवाज. हवा जास्त झाली की इंजिन तापते, प्लग पांढरे पडतात आणि गाडी कार्बोरेटरच्या तोंडातून शिंकते.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. गाडी उभी असताना झडप जवळजवळ मिटलेली असते, गळ्यातून पुरेशी हवा जातच नाही, म्हणून त्या वेळेपुरती पेट्रोलची वाट वेगळी असते. तिचा जेट वेगळा, स्क्रू वेगळा. तेव्हा रस्त्यावर छान पळणारी आणि चौकात बंद पडणारी गाडी एका आजाराची, आणि चौकात छान गुणगुणणारी पण चढणीला धापा टाकणारी दुसऱ्या आजाराची. आधी हे विचारावे, मग पान्याला हात घालावा.

मिस्त्रींचा पहिला नियम असा की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि प्रत्येक बदलानंतर गाडी सुरू करून ऐकायचे. शिकवणीत आम्हीही तेच करतो. मुलाचा सूर आणि ताल एकदम दुरुस्त करायला गेले की दोन्ही बिघडतात. दुसरा नियम: कार्बोरेटरला सगळ्यांत शेवटी हात लावायचा.

पहिल्या रविवारी आम्ही तो उघडलाच नाही. गाडी घेऊन तिघऱ्याच्या रस्त्याला लागलो. सहाव्या किलोमीटरला तिने ठरल्याप्रमाणे मान टाकली. मिस्त्री उतरले नाहीत. त्यांनी मला टाकीचे झाकण उघडायला सांगितले. जीपची टाकी ड्रायव्हरच्या आसनाखाली असते. झाकण सैल करताच आत हवा शिरल्याचा लांब सुस्कारा ऐकू आला, आणि लगेच गाडी सुरू झाली. निदान झाले! टाकीतले पेट्रोल जसे संपते तशी तिच्यात हवा शिरली पाहिजे. त्यासाठी झाकणाला बारीक छिद्र असते. मूळचे झाकण केव्हा तरी हरवले होते आणि त्या जागी कोणा दुसऱ्याच गाडीचे, बिनछिद्राचे झाकण बसविले होते. पाच-सहा किलोमीटरांत टाकीत निर्वात होई, पंप ओढून ओढून थके, कुंड कोरडे पडे. दहा मिनिटांत कुठून तरी हवा झिरपे आणि गाडी पुन्हा चाले. दोन कार्बोरेटर बदलले गेले ते या एका झाकणापायी. परत येताना झाकणाखाली काडी अडकवून आलो. वाटेत ती एकदाही बंद पडली नाही. अर्थात वास आणि स्लो यांचे दुखणे वेगळे होते. ते तसेच होते.

त्याच दुपारी बाकीची तपासणी झाली. पंपाच्या पुढची नळी सोडून बाटलीत धरली आणि इंजिन स्टार्टरवर फिरविले: पेट्रोलची धार भरीव, पण तळाशी गंजाची पूड. टाकी उतरवून धुवावी लागली आणि पंपाच्या काचेच्या वाटीतली जाळी बदलावी लागली. मग ठिणगीचा विचार. डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट जळलेले असले की गाडी नेमकी कार्बोरेटर बिघडल्यासारखी वागते. पॉइंटांतले अंतर अर्धा मिलिमीटर, प्लगचे पाऊण मिलिमीटर, हे जीपच्या माणसाने तोंडपाठ ठेवावे.

यात कानाचे काम कुठे, असे वाचक विचारतील. सांगतो. जीपचे चार सिलिंडर एक-तीन-चार-दोन या क्रमाने पेटतात. स्लोवर इंजिन मिनिटाला सहाशे फेरे घेत असेल तर चौघांचे मिळून सेकंदाला वीस ठोके पडतात. गंमत अशी की माणसाच्या कानाला सुटे ठोके संपून स्वर ऐकू येऊ लागतो तो साधारण याच हद्दीवर. म्हणून स्वस्थ स्लो हा धड ताल नसतो आणि धड सूर नसतो; दोहोंच्या उंबरठ्यावरचे ते गुणगुणणे असते. त्यातला एक सिलिंडर मिसिंग करू लागला की दर चारांतली एक मात्रा गळते, सेकंदाला पाच वेळा, आणि कान ते लगेच पकडतो. पुढे जरा रेस दिली की खरा स्वर उमटतो. मिनिटाला दोन हजार ऐंशी फेरे झाले की सेकंदाला एकोणसत्तर-सत्तर ठोके होतात. काळी एकला लावलेल्या तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेचीही कंपने तेवढीच. मी मिस्त्रींना हे सांगितले तेव्हा त्यांनी तळवा बॉनेटवर ठेवून मान डोलविली. त्यांना ते स्पर्शाने बहुधा आधीच ठाऊक होते. आता आमची रीतच झाली आहे. पायाने तो खर्ज धरायचा आणि पाय हलू द्यायचा नाही. स्वर थरथरला तर मिश्रणात किंवा ठिणगीत खोट. हळूहळू उतरू लागला तर पुरवठ्यात.

दुसऱ्या रविवारी नळी निघाली. हातभर रबराची नळी, एक टोक माझ्या कानाला, दुसरे टोक इंजिन सुरू असताना कार्बोरेटरच्या पॅकिंगभोवती, सांध्यांभोवती हळूहळू फिरवायचे. जिथे परकी हवा आत शिरते तिथे स्पष्ट शीळ ऐकू येते. (पंखा उघडा असतो, सदऱ्याची बाही, उपरणे, लोंबती किल्ली दूर ठेवावी. आणि आसपास विडी-सिगारेट नको, बंद गॅरेजही नको.) पॅकिंग ठीक होते. शीळ आली ती झडपेच्या स्पिंडलपाशी. ही कुठल्याही जुन्या कार्बोरेटरची नेमकी झिजणारी जागा. बाजारातून आणलेला तिसरा म्हणून जो कार्बोरेटर काकांना मिळाला होता तो वरून चकचकीत केलेला जुनाच होता. स्पिंडल भोकात डुलत होती. अशा गळतीत स्लो कधीच लागत नाही, कारण जी हवा आत येते तिचा हिशेब कोणत्याच स्क्रूपाशी नसतो. काकांच्या नशिबाने पहिला, मूळचा कार्बोरेटर काकूंनी फडक्यात गुंडाळून कोठीत ठेवला होता. आपल्या बायका काही टाकून देत नाहीत याबद्दल आपण त्यांना बोल लावतो. इथे त्यांचे उपकार मानावे लागले.

तो मूळ कार्बोरेटर मिस्त्रींनी अंगणात चटईवर उघडला. बॅटरीची तार आधी सोडली होती. प्रथम फ्लोट, म्हणजे कुंडातला पितळी तरंगता डबा. तो माझ्या कानाशी हलवून दाखविला: आत पेट्रोल खळखळत होते. डब्याला केसाएवढी चीर पडली की तो जड होतो, बुडतो, निडल मिटत नाही, आणि पेट्रोल कुंडातून वाहत राहते. मिस्त्रींच्या भाषेत कार्बोरेटर ‘ओव्हर’ होतो. काकूंच्या तक्रारीचे हे अर्धे कारण. डबा गरम पाण्यात बुडविला, बुडबुडे आले ती जागा खुणेने धरली, आतले पेट्रोल पुरते निथळून आणि वाळवून मग डाख दिला. पेट्रोलचा थेंब आत असताना डाख देऊ नये; डबा फुटतो आणि माणूस भाजतो. डाख अगदी थोडा, कारण फ्लोटचे वजन वाढले की पातळीच बदलते.

वासाचे उरलेले अर्धे कारण जेटात होते. सोलेक्सच्या जेटवर आकडा कोरलेला असतो; तो भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत. १२० म्हणजे १.२० मिलिमीटर. आमच्या जेटवर आकडा एक आणि भोक भलतेच: कोणी तरी कचरा काढताना तार घालून ते मोठे करून ठेवले होते. जेट साफ करायचा तो फुंकरीने, पंपाच्या हवेने, फार तर नायलॉनच्या धाग्याने. तारेने कदापि नाही. मिरजेच्या कारागिराला तंबोऱ्याची जव्हारी काढताना ज्यांनी पाहिले असेल त्यांना हे वेगळे सांगायला नको. तिथेही कानशीचा एक हात जास्त फिरला की पुढे बोलायला काही उरत नाही. नवा जेट शोधायला मिस्त्रींनी जुन्या डब्यांतून एक सबंध दुपार घालविली.

इथे एका नव्या गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे, कारण ती आपल्या वडिलांच्या वेळी नव्हती. पंपावरचे पेट्रोल आता नुसते पेट्रोल नाही. त्यात इथेनॉल मिसळतात. देशभर हे प्रमाण २०२२ साली दहा टक्क्यांवर गेले आणि २०२५ साली वीसवर. साखर कारखानदारीच्या दृष्टीने ते काय असेल ते असो. जुन्या जीपला त्याचे तीन ताप होतात. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणून जुन्या जेटावर वीस टक्क्यांचे पेट्रोल घातले की मिश्रण सुमारे सात टक्के पातळ होते आणि गाडी विनाकारण तापते, शिंकते. त्यावर उपाय जेटचा आकडा किंचित वाढविणे: १२० असेल तर १२५ लावून पाहावा, भोकाचे क्षेत्रफळ साडेआठ टक्के वाढते. दुसरा ताप रबराचा. जुन्या जातीचे रबर इथेनॉलमध्ये फुगते आणि मऊ पडते. काकांच्या गाडीत ॲक्सिलरेटर पंपाचा पडदा असाच भिजल्या पापडासारखा झाला होता. झडप एकदम उघडली की हवा आधी धावते आणि पेट्रोल मागे राहते. ती तूट भरून काढायला हा पंप एक पिचकारी मारतो. पडदा गेला की पाय देताच गाडी आवंढा गिळते आणि मग पुढे जाते. पडदा, निडलचे टोक, नळ्या हे सगळे इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे मागून घ्यावे. चार पैसे जास्त पडतात. तिसरा ताप पाण्याचा. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. पावसाळाभर उभ्या असलेल्या गाडीच्या कुंडात तळाशी पाणी साचते, आणि कार्बोरेटरचे अंग पांढुरके पडून खाल्ले जाते. म्हणून गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर पंपाच्या अलीकडे एक कॉक बसवून घ्यावा, तो बंद करावा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे. कुंड कोरडे राहिले की पुष्कळ दुखणी टळतात.

तिसऱ्या रविवारी सुराचे काम. मिश्रणाचा स्क्रू हलक्या हाताने टेकेपर्यंत आत, मग दीड फेरा बाहेर. हलक्या हाताने हे दोनदा लिहायला हवे. आवळला की त्याच्या टोकाला कडे पडते आणि मग तो कधीच नीट लागत नाही. इंजिन पुरते गरम होऊ दिले. मग पाव-पाव फेरा आत: आवाज कोरडा होत गेला, तुटू लागला. तसाच परत आणि पलीकडे बाहेर: आवाज जड, घोगरा, लंगडा. दोन्ही टोके ऐकल्याशिवाय मधली जागा सापडत नाही. तारही आपण चढी आणि उतरी दोन्ही ऐकूनच मिळवितो. मी मान हलवीत होतो, मिस्त्री स्क्रू फिरवीत होते, आणि एका क्षणी इंजिनाचा वेग आपसूक किंचित चढला व थरथर थांबली. मिस्त्रींनी माझ्याकडे न पाहताच हात उचलला. त्यांना तळव्यातून कळले होते, मला कानातून, क्षण एकच. मग वेगाचा स्क्रू थोडा मागे घेऊन स्लो सहाशेच्या आसपास आणला. सगळ्या कार्बोरेटरांत हा स्क्रू एकाच दिशेने चालत नाही, काहींत तो पेट्रोलऐवजी हवा अडवितो, हेही ध्यानात असावे.

दसऱ्याला गाडी शमीपूजनाला गेली. झेंडूची माळ बॉनेटला, काका पुढे, काकू मागे, आणि स्टिअरिंगवर पुतण्या. दुसऱ्या दिवशी त्याने ती शिवपुरीच्या रस्त्याच्या चढणीवर नेऊन पाहिली, एकटाच. परत आला आणि मिस्त्रींना त्याने विचारले की हे शिकायला किती दिवस लागतात. मिस्त्री म्हणाले, ‘‘आप तो पूना चले जाओगे.’’ यावर तो काही बोलला नाही.

गिऱ्हाईकाला नकार कळविला गेला; पण घरातला प्रश्न अजून सुटलेला नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम केले. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी, सांगाड्यात, अंगात वा इंजिनात फेरफार नसावा. म्हणजे ज्या घरांनी डिझेल इंजिन बसवून घेतले त्यांना ही वाट बंद झाली. काकांना ती उघडी आहे. पण मेख अशी की या नोंदणीची गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. प्रदर्शन, मिरवणूक, पेट्रोल भरणे, दुरुस्ती, एवढेच. पुतण्याला ती नोंदणी हवी आहे, गाडी सुरक्षित राहील म्हणतो. काका म्हणतात, शेतावर न जाणारी जीप मला कशाला? दोघांचेही खरे आहे. माझे मत विचाराल तर मी काकांच्या बाजूचा. वाद्य काचेच्या कपाटात ठेवले की ते बोलायचे विसरते. पण मोटार माझी नाही.

तूर्त गाडी शेतावर जाते. मे महिन्यात दुपारी उभी करून लगेच पुन्हा सुरू करायला गेले की ती अडते, कारण या इंजिनात हवेची वाट सिलिंडरच्या डोक्यातच ओतलेली आहे आणि कार्बोरेटर त्यावर बसलेला, खालून भाजत राहतो; पेट्रोल कुंडात उकळते, नळीत वाफ धरते. त्याला मिस्त्रींचा इलाज जुनाच आहे: बॉनेट उघडून वीस मिनिटे सावलीत, आणि पंपावर ओले फडके. काका गाडीत फडके आणि सुरई दोन्ही ठेवतात.

मिस्त्रींच्या गल्लीत सध्या दोन जीपा उभ्या आहेत, एक डिस्पोजलची. नळी आता नेहमी माझ्याकडे नसते. गेल्या रविवारी ती त्यांच्या नातीने मागून घेतली आणि पॅकिंगच्या मागच्या कोपऱ्यातली शीळ माझ्याआधी सांगितली.